हलक्या मशीनवाला दिगू

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौलला एका बंगल्याच्या दाराला कडी बसवत होतो. फोन बायकोचा. "अहो, दिगूभावजी गेले... छातीत कळ आली, अलिबागला नेतानेताच..." मी तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला आणि उंबऱ्यावर बसलो. लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो. पहिला विचार मनात आला तो हा, की दिगूच्या हातातलं होमस्टेचं मोठं काम आता माझ्याकडे येईल. रडू आलं ते त्याच्यानंतर. या दोन्हींचा क्रम मला आता बदलता येत नाही, आणि गेले सहा आठवडे तोच मला झोंबतोय.

दिगू माझा आतेभाऊ, बोर्ली पंचतनचा. तीन वर्षांनी माझ्याहून लहान. पनवेलला फर्निचरच्या दुकानात काही वर्षं काढून तो आमच्याकडे रेवदंड्याला आला आणि माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, हाताखाली लागला. अण्णा म्हणजे पंचक्रोशीतले जुने सुतार. होडीच्या फळीपासून देवघराच्या कमानीपर्यंत सगळं त्यांनी केलं, तेही हाताच्या रंध्यावर. माणूस कमी बोलायचा. कामावरून हात फिरवायचा, चुकलं असेल तर त्या जागी बोट ठेवायचा आणि पुढे जायचा. मी त्यांच्याकडे वयाच्या चौदाव्या वर्षापासून राबलो, पण "चांगलं झालंय" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. मी म्हणायचो, स्वभावच आहे, कुणालाच म्हणत नाहीत. आणि हा पठ्ठ्या आला, दोन महिन्यांत एक साधी खुर्ची केली, आणि अण्णा तिच्यावर बसून म्हणाले, "बरी केलीस रं." मी त्या खुर्चीवर आजतागायत बसलेलो नाही.

मग ती मशीनची भानगड. दिगू माघात पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेला आणि येताना प्रसादाबरोबर जत्रेतून एक लाकूड कापायची मशीन घेऊन आला. हिरवं प्लास्टिक, वर कंपनीचं नाव असं की ते ना इंग्रजीत लागत होतं ना कशात. आळीतली माणसं जमली. मी तर आयतीच संधी साधली. म्हटलं, "अरे, हे पोरांचं खेळणं आणलंस की काय? शिमग्यापर्यंत टिकली तर मी रंधा खाली ठेवीन!" सगळे हसले. दिगूही हसला. त्याचं हसणंच मला आवडायचं नाही, कारण त्यात जराही राग नसायचा.

त्याने काय केलं, तर आधी ती मशीन चालवलीच नाही, अख्खी उघडली. आतलं वाळकं ग्रीस पुसून काढलं, नवं भरलं. तिच्यासोबत आलेलं पातं त्याने कावळे हाकलायला वाडीत टांगलं आणि अलिबागहून चांगलं पातं आणलं. खालच्या पत्र्याला गुण्या लावून बघितला, तर पत्रा काटकोनात नव्हता. तो सरळ करण्यात त्याचा अर्धा दिवस गेला. मी रंध्यावर काम करत तिरक्या डोळ्यांनी बघत होतो. अण्णा ओट्यावरून उठून त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, आता याची खरडपट्टी निघणार. अण्णा म्हणाले, "दाकव कशी चालती." दिगूने फळी धरली, चर्रकन कापली. अण्णांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा... "साफ हाय," म्हणाले. माझ्या इतक्या वर्षांच्या कडा त्या बोटाखालून गेल्या होत्या, त्यातल्या एकीला तरी साफ म्हणायचं होतं!

शिमगा आला, मशीन चालूच. होळीभोवती बोंबा मारताना आळीतल्या मंडळींनी माझं नाव घेऊन, मी रंधा कधी खाली ठेवणार ते विचारलं. दोन-तीनदा विचारलं. मी घरी येऊन जेवलो नाही. दिगूने तोवर लग्न करून आळीतच वेगळं बिऱ्हाड केलं होतं. पुढची दोन वर्षं मी रोज काम करताना दिगूच्या घराच्या दिशेने कान लावून असायचो. मशीन चालू झाली की वाट बघायचो, आता आवाज फाटेल, आता बंद पडेल. ती बंद पडायची, पण दिगूच बंद करायचा. दहा मिनिटं चालवायची आणि थांबायचं, हा त्याचा नेम होता. तेवढ्या वेळात तो खुणा करी, बिडी ओढी, बायकोशी गप्पा मारी. मला वाटे, आळशी आहे लेकाचा.

तेवढ्यात आमच्याकडे बंगले आणि होमस्टे उगवायला लागले. मुंबईकरांना सगळं लवकर हवं. ते यायचे आणि माझ्या दारात उभं राहून मलाच विचारायचे, "ते मशीनवाले दिगूभाऊ कुठे राहतात?" मी हात करून दाखवायचो. काय करणार? एकदा तर एकाला मुद्दाम खाडीच्या बाजूला पाठवला. तो कोळीवाड्यात फिरून, बोंबलाच्या वासाने हैराण होऊन, शेवटी पोचला दिगूकडेच.

लोक मला आता विचारतात, सदानंददादा, अशी हलकी, स्वस्तातली मशीन घ्यावी का? हल्ली मोबाइलवर बोट दाबलं की घरपोच येते. मी जे सांगतो ते सगळं दिगूचं आहे, आजवर मी ते माझं म्हणून सांगत आलो. त्याचं म्हणणं, वर्षातून चारदा लागणारी मशीन खुशाल हलकी घ्यावी. रोज लागणारीही आधी हलकीच घ्यावी, कारण ती उघडायला भीती वाटत नाही आणि उघडल्याशिवाय कळत नाही. ती झिजून मेली की समजायचं आपल्याला हिची खरंच गरज आहे, मग चांगली घ्यावी. पातं मात्र पहिल्या दिवसापासून उत्तम. आणि ग्राइंडर कधीच हलका घेऊ नये. "जे फुटून तोंडावर येनार, तितं कंजूषी न्हाय करायची, दादा." त्याने मला हे सगळं न विचारता सांगितलं होतं. मी तेव्हा मान दुसरीकडे वळवून रंध्याचं पातं घासत बसलो होतो, पण ऐकत होतो शब्द न् शब्द.

आणि मग, त्या होमस्टेच्या दिवसांत, मी ती चूक केली, जी फक्त सुताराच्या घरातला माणूसच करू शकतो. एका होमस्टेच्या मालकाने बारा पलंगांचं काम आम्हा दोघांत वाटून दिलं, सहा दिगूला, सहा मला. दसऱ्याला उद्घाटन. दिगूचे सहा अष्टमीलाच उभे राहिले. माझे चार. आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडू वाहतात, आणि एकदा पूजेला बसली की दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या नवमीला अण्णांनी स्वतःच्या रंध्याशेजारी दिगूची ती हिरवी मशीन ठेवली. मी म्हटलं, "अण्णा, हे प्लास्टिक देवापुढं?" ते म्हणाले, "त्याच्यानं काम व्हतंय ना? मग हत्यारच ते."

आता माझं गुपित सांगतो. महिनाभर आधी मीसुद्धा तसलीच एक मशीन अलिबागहून गुपचूप आणली होती. कुणाला कळू नये म्हणून विहिरीपलीकडच्या शेडमध्ये सुंभाच्या गुंडाळ्यांखाली लपवली होती. नवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेत अडकलेली, आणि माझे दोन पलंग बाकी. मी स्वतःशी युक्तिवाद केला, अगदी वकिलासारखा: जिला अजून कुंकू लागलं नाही, जी पाटावर बसलीच नाही, ती हत्यार कशी? ती तर नुसती वस्तू. वस्तू वापरायला कसला आलाय दोष? घरची सगळी देवळात गेलेली. अण्णा ओट्यावर, पण त्यांना कमी ऐकू येतं असा माझा समज. मी शेडमध्ये गेलो आणि सकाळपासून मशीन चालवली. थांबलो नाही. दिगू थांबतो, मी कशाला थांबू? मला एका दिवसात त्याला गाठायचं होतं. दुपारच्या सुमाराला मशीनने करकर केलं, निळा धूर सोडला आणि ती बंद पडली. जळक्या वासाने शेड भरून गेली.

दारात दिगू उभा. तो वासावरून आला होता. नवमीचं काढलं नाही, मशीन लपवल्याचंही नाही. खाली बसला, पाठीमागची टोपणं फिरवून काढली. "कारबन खल्लास झालंत, दादा. आतली गुंडाळी काळी पडलीय. बघू." आणि तेवढ्यात अण्णा काठी टेकत टेकत आले. "जळलं काय?" दिगू मशीन हातात घेऊन उठला आणि म्हणाला, "माजी मशीन, मामा. दुसरी आनलेली."

अण्णा कमी बोलायचे असं मी वर लिहिलंय. त्या दुपारी त्यांनी सगळी कसर भरून काढली. नवमीच्या दिवशी? अक्कल गहाण टाकलीस? माल हलका घेतोस तर घेतोस, वर डोकंही हलकं? आईबापाचा उद्धार तेवढा राहिला. दिगू मान खाली घालून उभा. आणि मी... मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. बोलायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटली असं म्हणालो तर खोटं होईल. मला बरं वाटत होतं. दिगूला शिव्या पडताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो आणि मला त्या संपू नयेत असं वाटत होतं.

आठ दिवसांनी दिगूने मशीन गोणपाटात गुंडाळून माझ्या घरी आणून दिली. चालू. "धा मिन्टं चालव, धा मिन्टं हात लावू नको. तवर च्या घे." मी "बरं" म्हणालो. आभार मानले नाहीत. पुढे दोन वर्षांनी अण्णा गेले, मी त्यांना काही सांगितलं नाही. मशीन अजून चालते आहे. आता दिगूही गेला.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोने, सुमनने, मला बोलावलं. भंगारवाला येऊन दिगूची हिरवी मशीन मागून गेला होता, देऊ की ठेवू, असं तिला विचारायचं होतं. दिगूच्या पडवीत सगळं जागच्या जागी होतं. मी म्हटलं, आज बोलून मोकळा होतो. सगळं सांगितलं, नवमी, सुंभ, धूर, खोटं. म्हटलं, "सुमन, त्यानं माझी चूक स्वतःवर घेतली, आणि अण्णा गेले ते त्यालाच दोषी धरून." ती पदराने डोळे पुसत होती, ती चक्क हसायला लागली.

"दादा, मामांना म्हाईत व्हतं की."

"काय माहीत होतं?"

"मशीन तुमची ती. ह्ये धा मिन्टांवर थांबतात, ती सकाळपास्नं थांबली न्हवती, मामा ओट्यावर बसून ऐकत व्हते. आनि तुमच्या भुवयांवर भुसा व्हता म्हनं, पांढराफेक! शिव्या तुमालाच व्हत्या. तोंड फकस्त ह्यांच्याकडं."

म्हणजे माझं गुपितसुद्धा त्या दोघांनी आपसात ठेवलेलं! मामाभाचे इतकी वर्षं एकमेकांकडे बघून गालात हसले असतील, आणि मी मध्ये उभा. दिगू जाऊन महिना व्हायचा होता, तरी मला त्याचा तोच जुना हेवा वाटला. मग सुमन सहज म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तसं, "मामांनी सांजच्याला ह्यांना बोलावून सांगितलं, त्याची मशीन नीट करून दे. सदाच्या हाताला तोड न्हाय, तुज्या हाताला बी ती सफाई यायची न्हाय, पन त्याला सांगू नको, हवेत जाईल."

"पुन्हा सांग," मी म्हणालो.

तिने पुन्हा सांगितलं.

"असंच म्हणाले? 'तोड न्हाय' म्हणाले? कुठं बसून म्हणाले? माझं कुठलं काम बघून म्हणाले, देवघर की पलंग? बोलताना तोंड कसं होतं त्यांचं?"

"मला काय म्हाईत, दादा? मी कुटं व्हते तितं? ह्यांनी येऊन सांगितलं तेवडं. बाकीचं ह्यांनाच म्हाईत."

मी उठलो आणि दिगूला विचारायला म्हणून पडवीच्या टोकापर्यंत गेलो. खरंच गेलो. त्याच्या बाकासमोर उभा राहिलो, तोंडही उघडलं. बाकावर त्याचा चष्मा होता, घडी न घातलेला, काचांवर भुसा. मी तो पुसला नाही. सुमनला म्हटलं, मशीन देऊ नको, भंगारवाला आला तर त्याला माझ्याकडे पाठव, आणि तिथेच बसून राहिलो. अण्णांचा तो आवाज ज्याने ऐकला तो एकच माणूस होता, आणि त्याच्याशी मी आयुष्यभर धड बोललो नाही.