मागाच्या आवाजातली झोप

माझी धाकटी बहीण सोलापूरच्या पूर्व भागात, एका यंत्रमाग कारखान्याला लागून असलेल्या खोलीत राहायची. मधली भिंत एका विटेची. पलीकडे टॉवेलचे माग सुरू झाले की फळीवरची भांडी थरथरत कडेला सरकायची. मी तिच्याकडे गेलो की थोड्याच वेळात तळहात ओले व्हायचे. मग काहीतरी काम काढून मी निघायचो.

तिचे यजमान, म्हणजे माझे दाजी, आणि मी वैरागजवळच्या एकाच गावचे. बरोबरच भरती झालो, एकाच पलटणीत होतो, सीमेवरच्या एकाच ठाण्यावर तोफांचा मारा सोसला. तेव्हा आमचं बोलणं शिवीशिवाय सुरू होत नसे. बहीण त्यांना दिली आणि मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणू लागलो, तेही मला. निवृत्तीनंतर मला एका कचेरीत कारकुनी मिळाली आणि ते एका गोदामावर रात्रपाळीचे रखवालदार झाले. सकाळी घरी यायचे आणि त्या खडखडाटात दिवसभर झोपायचे.

मला वाटायचं, हा माणूस दात आवळून सहन करतोय. कारण मला सहन होत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली तरी माझी मान खांद्यात जाते. वरात असली की चपला शोधायच्या निमित्तानं मी मागे राहतो. हे मी कुणालाही, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नव्हतं.

दाजी असे दचकत नसत. ते कमी बोलत, दाराकडे तोंड करून जेवत, आणि कारखान्याला सुट्टी असली की दिवसभर एसटी स्टँडवर जाऊन बसत. बहिणीला वाटायचं, गावाकडचं कुणी भेटत असेल. मलाही त्यात काही खटकलं नाही.

शेवटी मीच पुढाकार घेतला. विजापूर रोडच्या पुढं, नव्या प्लॉटिंगमध्ये त्यांच्यासाठी एक घर पाहिलं. आजूबाजूला रिकामे प्लॉट आणि बाभळी.

“दाजी, हितं पाखराशिवाय कशाचा आवाज न्हाय,” मी म्हणालो.

ते खोल्यांतून फिरून आले. “लई गप हाय की,” म्हणाले. मी ते कौतुक समजलो.

ते तिकडे राहायला गेले आणि पुढच्याच महिन्यात बहिणीचा फोन आला. “दादा, तुझ्या शांत जागेनं दुसरा मिक्सर जाळला बघ.”

“म्हणजे?”

“रिकामा फिरवत ठेवत्यात आन् त्याच्याशेजारी आडवं होत्यात. बंद केला की उठून गच्चीवर. गेटाकडं बघत बसत्यात. दिवसा झोप न्हाय, मग रातीला कामावर डोळा लागतो. साहेबानं शेवटचं सांगितलंय म्हणं. नोकरीचं ऱ्हाऊ दे, ह्या माणसाचं काय हुईल ते सांग.”

मी दाजींना मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. बहीण सोबत होती. बाईंनी दाजींना विचारलं, नेमकं काय होतं? उत्तर मी दिलं.

“आवाजानं होतं, मॅडम. ताट पडलं तरी छाती धडधडते. जळाल्यासारखा वास येतो, शेजारच्याला विचारलं तर त्याला येत नसतो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून भिंतीला धरून उभं राहावं लागतं.”

दाजी खुर्चीत वळले. “तू नळ सोडून उभा राहतूस?”

बहिणीशी लग्न झाल्यानंतर पहिल्यांदा त्यांनी मला ‘तू’ म्हटलं होतं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना कळलं होतं. बहिणीला अजून कळायचं होतं.

“तू बंकरात हुतास,” दाजी म्हणाले. “मी फुडच्या खड्ड्यात. कान देऊन पडायचं काम माझं. गोळे पडत असले की कुणी येत न्हाय, ते ठाऊक असायचं. थांबले की पलीकडचे यायचे.” मग पत्ता सांगावा तसं बाईंना म्हणाले, “मागाजवळ झोप लागायची, मॅडम. ह्यानं हलिवलं मला तितनं.”

बाई म्हणाल्या, असं होतं. एकाच ठिकाणाहून आलेली दोन माणसं वेगवेगळी भीती घेऊन येतात. कुणी चिडतं, कुणी दगडासारखं होतं. मला आमच्या तुकडीतले बाकीचे आठवले. एक जण दारूत बुडाला. एक जण लष्करी कॅन्टीनच्या रांगेत भेटतो तेव्हा सारखा हसतो, आणि आम्ही त्याला सुखी समजतो. मी सगळ्यांना माझ्याच मापानं मोजत आलो, आणि दाजींना तर माझं दुखणं नेसवून डॉक्टरपुढं बसवलं.

जुनी खोली भाड्यानं गेली होती. त्याच भागात दुसऱ्या कारखान्यालगत एक मिळाली. टेम्पोतून सामान उतरायच्या आतच दाजींनी फरशीवर सतरंजी टाकली आणि ते झोपले. हमाल त्यांना ओलांडून ये-जा करत होते. मी बाहेर टेम्पोच्या आडोशाला उभा होतो.

बहीण चहा घेऊन आली. “आत ये की.”

“मला त्या आवाजात बसवत न्हाय गं,” मी म्हणालो. “कधीच बसवलं न्हाय.”

ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. “आन् मी समजत हुते, तुला माझं घर कमीपणाचं वाटतंय. सणालासुदीक पाच मिंटांत उठायचास. ह्यांना म्हणायचे, दादाला आमची खोली आवडत न्हाय.”

मी तिच्या हातातला कप घेतला.

“वैनीला ठाऊक हाय?”

“न्हाय.”

“मग आदी तिला सांग. रस्त्यात उभं राहून मला काय सांगतूस?” ती रागावली होती, पण चहा घेऊन होईपर्यंत जवळून हलली नाही.

दाजी आता झोपतात. बोलणं वाढलेलं नाही, आणि जेवताना तोंड दाराकडेच असतं. डॉक्टरबाईंकडे मी जातो, माझ्यासाठी. बायकोला अजून सांगितलेलं नाही. घरी आणि कचेरीत सांगून निघतो की दाजींना दाखवायला नेतोय.