कुडपणच्या पालखीचा दांडा

शिमगा तोंडावर आला होता. आईची मैत्रीण सुमनमावशी कुडपणला असते. तिचा फोन आला, "लाकूड तपासायचं शिकलीस ना? आमच्या पालखीचा दांडा बघून जा. मुंबईवाले नवा आणू म्हणतात. जुना चालेल असं तू सांग."

घरातली मी पहिली पदवीधर. शिकलेलं गावाच्या कामी येणार, या आनंदात तुडीलहून निघाले. महाडपर्यंत एसटी, मग पोलादपूर. पुढे चढण, वळणं फार आणि गाड्या कमी. जाणार असाल तर सकाळीच पोलादपूर गाठा आणि जीपचं भाडं आधी ठरवा.

मावशीकडे नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाऊन देवळात गेलो. दांडा लालभडक चकाकत होता. पुढे एका जागी झिजून खोलगट झाला होता.

"ह्यांचा खांदा," मावशी म्हणाली. काका गेल्या पावसाळ्यात वारले.

टोकाचा पातळ काप काढून मी मोबाईलला जोडलेल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वर रंगाचे थर: लाल, चंदेरी, पुन्हा लाल. खाली लाकडाच्या बारीक नळ्या एकमेकींना चिकटून दिसायला हव्यात. इथे त्यांच्या भिंती विरल्या होत्या आणि आत बुरशीचे तंतू पसरले होते. मग दांड्यावर जागोजागी सुई टोचून पाहिली. कुठेच अडली नाही.

"दरवर्षी रंग देतो आम्ही," भिकूदादा म्हणाले. पालखीचं सगळं तेच बघतात. "मुंबईवाले डबा घेऊनच येतात. मग आत चुरा कसा गो?"

"टोकांतून पाणी शिरलं, दादा. रंगामुळे ते बाहेर पडलं नाही."

"भिकू, तुझ्यासारखंच हाय," मागून कोणीतरी म्हणालं. "वरनं गुळगुळीत."

दादा हसले नाहीत. "नाचवताना मोडंल?"

मावशी माझ्याकडे बघत होती.

"मोडेल," मी म्हणाले. "नाचवू नका. पण देवळात जपून ठेवा, मी औषध लावून देते."

"देवाचा निकामी दांडा ठेवत नाय आपण. पाण्यात सोडायचा," दादा म्हणाले.

मी खूप समजावलं. मावशी एवढंच म्हणाली, "नाचणार नाय, तर ठेवून काय करायचा?"

दुसऱ्या दिवशी दांडा जीपवर बांधून पोलादपूरला, सावित्रीवर आणला. मावशीने त्या खोलगट जागेवर तळहात ठेवला, मग बाजूला झाली. आतून पोकळ झालेला दांडा बुडेना. परत काठाला येऊन लागायचा. शेवटी गावातल्या दोघांनी पाण्यात उतरून त्याला दगड बांधले.

घरी आईने विचारलं, "खोटं बोलली असतीस तर?" माणसांच्या अंगावर पालखी आली असती, मी म्हणाले. ते खरंच आहे. तुमच्या गावच्या दांड्याला रंग लावण्याआधी टोकं तेवढी बघा.

मावशीचा फोन अजून येतो. जेवलीस का, विचारते. पालखीचा विषय काढत नाही.