अण्णांची सायकल आणि उजवा पाय

कुणाच्या अंगात आलं तरी "आधी ताप मोजा" म्हणणारा मी माणूस... धंद्याने औषध कंपनीचा एमआर, निम्मं आयुष्य डॉक्टरांच्या केबिनबाहेर गेलंय. हे लिहिताना माझं मलाच हसू यायला हवं. येत नाही.

आम्ही केदारखेड्याचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, राजूरला कापड दुकानात कामाला होते. सगळी नोकरी एकाच सायकलवर केली. मागच्या उन्हाळ्यात लकवा मारला आणि उजवा पाय गेला. सुई टोचली तरी कळायचं नाही.

दसऱ्याच्या सकाळी पूजेसाठी सायकल धुवायला अंगणात काढली. स्टँडवर लावून पायडल हाताने फिरवलं, तर ओसरीवर अण्णांजवळ बसलेली आई ओरडली, "आरं, पाय हाल्ला त्यांचा!"

मी थांबलो, पाय थांबला. फिरवलं — परत हलला. अण्णा लेकरासारखे हसत होते. "आजून फिरव," म्हणाले.

मग रोज तेच. डॉक्टर म्हणाले, योगायोग असेल, पण करत राहा. पाय जरासाच हलायचा, आणि चेन घसरली की मध्येच अडकायचा. चेन ताणलेली, फ्रीव्हीलचे दाते झिजलेले... मला वाटलं, पार्ट नवे टाकले तर पाय पूर्ण फिरेल. राजूरच्या मिस्त्रीकडून चेन, फ्रीव्हील, पुढचं दातेरी चाक, सगळं बदलून आणलं. कोण उत्साह माझा!

पायडल एकदम हलकं फिरलं. पाय हलला नाही.

"ही माझी न्हाई," अण्णा एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं.

मी तसाच मिस्त्रीकडे पळालो. "भंगारवाला घेऊन गेल्ता ना भाऊ. बिलकुल झिजलेलं व्हतं, ठिवून काय करता? जालन्याच्या भट्टीला गेलं आसंल, सळया व्हायला."

जालन्यात भंगाराची दुकानं पालथी घातली. चेनचे ढीगच्या ढीग — त्यात आपली कुठली, कसं ओळखणार? एमआयडीसीच्या रस्त्यावर हताश उभा होतो, समोर भट्ट्यांच्या धुराड्यांतून धूर निघत होता, तेवढ्यात आईचा फोन आला.

"जल्दी ये रे! पाय भाजून राह्यला म्हनतेत..." मागे अण्णांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"पायावर पाणी ओत!"

"पाय तं गार पडलाय रे बापू," आई रडत म्हणाली. "पानी कशावर वतू?"

संध्याकाळी अण्णांचं ओरडणं थांबलं. पाय त्यानंतर हललेला नाही. नस जागी होताना आग होते, असं डॉक्टर म्हणाले. मीही लोकांना हेच सांगत आलोय. पण आईने "पानी कशावर वतू" विचारलं, तेव्हा मी समोरच्या धुराड्यांकडेच बघत होतो.