बहिऱ्या मिस्त्रीचं उघडं इंजिन

चहा कपातून पितात. बशी नटबोल्ट ठेवायला लागते. बोलताना समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघतात, त्यामुळे नवखा माणूस उगाच मिशी पुसतो. हात आधी रॉकेलने धुतात, मग साबणाने, मग हुंगून बघतात. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर सोडून गॅरेज बंद ठेवत नाहीत. कुठल्याही गाडीला ‘मेली’ म्हणत नाहीत, ‘दमली’ म्हणतात. आणि उघडलेलं इंजिन उघडं टाकून घरी जात नाहीत. “पोट फाडून डाक्टर जेवाया जातो का?” असं विचारतात.

हे ज्ञानदेव आप्पा. मांडवगण फराट्याच्या बाजारतळाशेजारी त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. त्याआधीची बावीस वर्षं दौंडकडच्या एका खडी क्रशरवर फिटर म्हणून गेली. क्रशरने पगार दिला आणि कान नेले. लोक बहिरा मिस्त्री म्हणतात. तोंडावर म्हणतात, कारण ऐकू कुठं येतंय! ओठांवरून आप्पांना सगळं कळतं. ते बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

इंजिन मात्र ते दातांनी ऐकतात. हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आहे. त्याचं टोक इंजिनला टेकवायचं, लाकडी मूठ दाढांखाली धरायची आणि डोळे मिटायचे. आवाज हाडातून वर चढतो. त्या मुठीवर दातांचे खड्डे पडलेत. तालुक्यात जुन्या टू-स्ट्रोक गाड्या उरल्यात थोड्या, पण त्यातली एखादी ठकठकली की शिरूरपासून दौंडपर्यंतचे लोक याच मुठीकडे येतात.

दिवाळीनंतर वडगाव रासाईचा सत्यजीत आला. सोसायटीचे चेअरमन संपतराव यांचा पुतण्या. हौसेनं घेतलेली तीस वर्षांची लालभडक टू-स्ट्रोक. सोबत दोन मित्र.

“आप्पा, ठकठक वाजतीय. जरा बघा की.”

आप्पांनी गाडी चालू करून पेचकस टेकवला. मूठ दातांत धरली.

“मुका घेतायत काय इंजिनाचा?” एक मित्र म्हणाला. तिघं हसले. आप्पांचे डोळे मिटलेले होते, म्हणून एवढं मात्र त्यांना खरंच कळलं नाही.

त्यांनी जागा बदलली. वर सिलिंडरवर आवाज बारीक होता. खाली, जिथं क्रँक फिरतो तिथं, जड होता. बंद दारावर कुणी आतून मूठ हाणावी तसा. गाडी तापली तरी गेला नाही. पिस्टन सैल असता तर तापल्यावर दबला असता. मग त्यांनी हेड उतरवलं, सिलिंडर वर ओढला, आणि पिस्टन ज्या रॉडवर बसतो तो रॉड दोन बोटांत धरला.

“हे बघ. आडवा हलला तर हलू दे, तसा हलायलाच पायजे. पण हा उभा हलतोय. खालचं बेरिंग गेलं. आन् तेलावाचून न्हाई गेलं. आत गंज हाय. गाडी पाण्यात घातलीस कवा?”

“पाण्यात? गाडी म्हंजी काय म्हैस हाय का?”

“पोळ्याला काय केलं?”

सत्यजीतने मित्रांकडे बघितलं. घरात बैल उरले नाहीत, म्हणून पोळ्याला पोरांनी गाडीच भीमेत नेऊन धुतली होती. सीटपर्यंत पाणी. हँडलला झूल, हेडलाइटला गुलाल, वर फोटो. अख्ख्या तालुक्यानं मोबाइलवर पाहिलं होतं, आप्पांनीही. सायलेन्सरमधून पाणी आत शिरलं. गाडी चालू होईना, म्हणून दिवाळीपर्यंत तशीच गोठ्यात उभी राहिली. या इंजिनात वेगळं तेल नसतं. पेट्रोलमधून येईल तेवढंच. दोन महिने बेरिंग पाण्यात बसलं.

“ही चालवायची न्हाई,” आप्पा म्हणाले. “चालता चालता जाम हुईल. मागचं चाक जागेवर धरंल. दौंडवरनं नवा रॉड आणतो, मग बांधतो.”

“किती दिवस?”

“आठ.”

“आठ? रविवारी आमची राइड हाय आप्पा. हाय तशी जोडून द्या.”

आप्पांनी जोडून दिली, पण प्लग बसवला नाही. मुठीत धरून ठेवला. सत्यजीतने हात पुढे केला. आप्पा बघत राहिले. गाडी त्याची, प्लग त्याचा. शेवटी त्यांनी प्लग दिला.

पुढं काय झालं ते सांगताना आप्पा दर वेळी इथं थांबतात. उजवी मूठ मिटतात आणि उघडतात.

शिरूरच्या एका चकचकीत गॅरेजात सत्यजीतचं काम दोन तासांत झालं. पेट्रोलमध्ये जाड तेल दुप्पट, सायलेन्सरमध्ये नवी जाळी. आवाज गेला. राइड झाली, फोटो झाले, आणि महिन्याभरात हौस फिटली. गाडी गोठ्यातल्या दत्ताला मिळाली. दत्ता संपतरावांच्या बारा गायींचं बघतो. रोज पहाटे दूध काढायचं, चार कॅन बांधायचे आणि पूल ओलांडून सात वाजायच्या आत संकलन केंद्रावर घालायचे. मालकाची लाल गाडी मिळाली म्हणून तो खुशीत होता.

आप्पांना तो रस्त्यात दिसला. त्यांनी दोन्ही हात वर केले. दत्ता थांबला नाही, दुधाला उशीर होत होता. जाता जाता ओरडला. आप्पांनी ओठ वाचले.

“आवाज बंद झालाय, आप्पा!”

त्यानंतर चौथ्या दिवशी पुलाच्या उतारावर इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी धरलं. दत्ताचा डावा पाय कॅनखाली सापडला, मांडीचं हाड दोन जागी मोडलं. डांबरावर दूध आणि रक्त एकत्र वाहिलं. बघायला गर्दी झाली. उचलायला दोघंच आले.

दत्ताला दौंडच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत गावात एकच वाक्य फिरत होतं. दत्ता पेट्रोलमध्ये तेल टाकायला विसरला. कुठून निघालं हे विचारायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी गोठ्यावर दुसरा गडी आला.

दत्ताची बायको सविता गॅरेजात आली. पदर खोचलेला, डोळे कोरडे.

“आप्पा, ते म्हंत्यात ह्यांनी तेल टाकलं न्हाई. ह्ये तर घरच्या दिव्यात तेल घालाया इसरतील, गाडीत न्हाई इसरायचे. खरं काय ते तुमास्नी कळंल का?”

“कळंल. इंजिन खोटं बोलत न्हाई. ते बोलाया माणसं हायत.”

गाडी आप्पांकडेच पडली होती. शिरूरवाल्याने ‘टू-स्ट्रोक आता आम्ही घेत नाही’ म्हणून हात वर केले, तेव्हा सत्यजीतने ती पिकअपमधून आणून टाकली होती. बांधून द्या म्हणाला. नजर वर उचलली नव्हती.

आप्पांनी सविताच्या समोर कार्ब्युरेटर सोडवला. तळाशी चमचाभर पेट्रोल होतं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी त्याचे दोन थेंब टाकले आणि कागद उन्हात धरला. पेट्रोल उडून गेलं. तेलाचे दोन गोल डाग राहिले. सविता डागांकडे बघत राहिली.

मग सिलिंडर उतरवला. पिस्टन तेलकट, गुळगुळीत, एक ओरखडा नाही. तेल नसतं तर तो उभा खरवडून निघाला असता. खाली क्रँकवर मात्र तांबडा गंज होता, आणि बेरिंगच्या पिंजऱ्याचे तुकडे तळाशी पडले होते. रॉड आता बोटभर उभा हलत होता.

“मी सांगितलं हुतं,” आप्पा म्हणाले. ते कधी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी चहावाल्यालासुद्धा ऐकू गेलं. “ह्याच जागेवर. ह्याच बोटानं दाखवलं हुतं.”

सविता तडक संपतरावांच्या वाड्यावर गेली. संपतराव दुसऱ्या दिवशी जीपमधून आले. खाली उतरले नाहीत. काच खाली केली.

“ज्ञानदेव, तू बाईमाणसाच्या डोक्यात काय भरवतोयस?”

“काय न्हाई भरवलं. तुमी या, बोट लावून बघा.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“बोट लावायला काय कळावं लागतंय, संपतराव? लहान पोर लावंल.”

“तुला फटफटीचा हॉर्न ऐकू येत न्हाई, आन् तू इंजिनाचा आवाज वळखला? उद्या कुणी इचारलं तर काय सांगशील? दातानं ऐकलं म्हणून?” ड्रायव्हर हसला.

“व्हय. दातानं ऐकलं. तुमच्या पुतण्यानं कानानं ऐकलं, तवा काय उजेड पडला?”

चहाच्या टपरीवरची माणसं पाण्याच्या ग्लासात बघायला लागली. त्यातल्या निम्म्यांनी तो पोळ्याचा फोटो पुढे पाठवला होता. एकानेही तोंड उघडलं नाही. ऐकू न येणारा माणूस तिथं एकच होता, आणि बोलत होता तोच.

“गाडी बांध आन् पाठवून दे,” संपतराव म्हणाले. “इषय संपला.”

“न्हाई बांधत.”

“काय?”

“बांधली की सगळं आत झाकून जातंय. आधी उतरा. गंज बघा, रॉडला बोट लावा. आन् मग ह्या टपरीवर चार माणसांत सांगा, दत्तानं तेल टाकलं हुतं. दुसऱ्या मिंटाला बांधतो.”

काच वर गेली. जीप वडगावच्या रस्त्याने निघून गेली.

त्याला आता सात आठवडे झाले. दत्ता काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत येतो. गोठ्यावरचं काम परत मिळालेलं नाही. सत्यजीतचे दोन निरोप आले. पहिल्या निरोपात गाडी मागितली होती, दुसऱ्यात नुसतीच चौकशी होती. आप्पांनी दोन्ही वेळी तेच सांगितलं. गाडी अडवलेली न्हाई, या, बघा आन् घेऊन जा.

दौंडहून आणलेला नवा रॉड फळीवर खोक्यात आहे. खोक्याची चिकटपट्टी फोडलेली नाही. शेजारी गॅस्केट, चार बोल्ट बशीत. दोन डाग पडलेला कागद खिळ्याला टांगलेला आहे. काम फार तर दीड दिवसाचं आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षांत एक इंजिन उघडं ठेवलं नाही, तो रोज संध्याकाळी या उघड्या इंजिनावर धुतलेलं फडकं टाकतो आणि कुलूप लावतो. सकाळी पहिल्यांदा फडकं काढतो. मग रस्त्याकडे तोंड करून चहा पितो. लाकडी बाकावर, उजेडात, इंजिनातला जुना रॉड उभा राहतो. अजून कुणी बोट लावलेलं नाही.