सोसायटीच्या तपेल्यातले खेकडे

माझ्या धाकट्या दिरांना स्वयंपाक येत नाही. एवढं एक वाक्य त्यांनी वेळेवर कबूल केलं असतं, तर आज मी स्वतःच्या घरात बसून हे लिहीत असते.

तेव्हा आम्ही बडोद्यात, गोत्रीच्या एका सोसायटीत भाड्याने राहत होतो. घरमालकाला फ्लॅट विकायचा होता, आम्हाला तोच घ्यायचा होता आणि बँक कर्ज द्यायला एका पायावर तयार होती (त्या वर्षांत बँका रस्त्यात अडवून कर्ज देत). अडलं होतं ते फक्त सोसायटीच्या कमिटीच्या होकारापाशी. रविवारी मीटिंग होती. सोसायटीचे प्रमुख हर्षदभाई तळमजल्यावर राहत. आम्ही सामान उतरवत होतो त्याच दिवशी ते मला गोड हसून म्हणाले होते, "आपणी सोसायटीमां तो बधा वेज छे ने, भाभी." हा प्रश्न नव्हता, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही. नुसती मान हलवली. त्या एका मानेपायी चार वर्षं आम्ही मासे खायला दर रविवारी स्कूटरवरून जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात, त्या गल्लीतल्या माझ्या माहेरी जात होतो. आमचे पणजेसासरे राजाच्या फौजेत शिलेदार होते, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्यांची ही पणतसून बांगडा खाऊन, बडीशेप चघळत, चोरासारखी जिना चढायची.

आणि नेमके त्याच आठवड्यात सुहासभाऊजी ह्यूस्टनहून आले. सहा वर्षांनी. येताना सगळ्यांसाठी चॉकलेटं आणि स्वतःसाठी लाल मसाल्याचं एक पुडकं घेऊन.

"शनिवारी किचनला सुट्टी," त्यांनी जाहीर केलं. "वहिनी, तुम्ही नुसतं बसायचं. मी सीफूड बॉइल करणार. केजन स्टाइल."

"म्हणजे काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"तिकडे लुइझियानात करतात. मोठ्या भांड्यात पाणी, मसाला, खेकडे, कोळंबी, बटाटे, मक्याची कणसं, सगळं एकत्र उकडायचं. मग पेपर अंथरायचे, त्यावर ओतायचं आणि हाताने खायचं. ताटं नाहीत, वाट्या नाहीत."

"ताटं नाहीत? अरे, सुतकातसुद्धा पत्रावळ असते."

मी म्हटलं, "भाऊजी, इथे नको. पोळात माझ्या भावाकडे करू. तिकडे सगळे खाणारे आहेत."

"सहा वर्षांनी आलेला माझा मुलगा सुनेच्या माहेरी जाऊन रांधणार?" सासूबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील, हीच तर माझी काळजी होती. पण माझे लोक आणि सासूबाईंचे लोक वेगळे. मी आशेने ह्यांच्याकडे पाहिलं. "अहो, वासाचं काय?"

"कसला वास? काही वास येत नाही," हे म्हणाले. ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात घालवली आहेत. ह्यांच्या नाकाला आता गॅस गळलेलासुद्धा कळत नाही. तरी वासाच्या बाबतीत घरात ह्यांचाच शब्द शेवटचा, कारण कर्ता पुरुष!

शनिवारी दोघे भाऊ पिशव्या भरून बाजारातून आले. खेकडे जिवंत होते. मग नुसतं बसायला सांगितलेल्या वहिनीने कोळंबी सोलली, खेकड्यांच्या नांग्या बांधल्या, बटाटे धुतले, सात-आठ गड्डे लसूण निवडला. भाऊजींनी ते सगळं हँडीकॅमवर घेतलं. ("वहिनी, जरा हसा ना.") हात धुऊन, साडी बदलून स्वयंपाकघरात येते तो शेगडीवर एक अवाढव्य तपेलं. काठावर हर्षदभाईंच्या स्वर्गवासी वडिलांचं नाव कोरलेलं. शरद पौर्णिमेला अख्ख्या सोसायटीचं दूध त्याच तपेल्यात आटायचं.

"भाऊजी, हे कुठून आणलंत?"

"खालून. त्या आजी किती गोड आहेत हो. मी म्हटलं, मकाई बाफवी छे, तर लगेच काढून दिलं."

"आत्ताच्या आत्ता परत देऊन या."

"आता कसं देऊ? खेकडे टाकले ना आत."

मग मसाला उकळला. आधी आमचे डोळे गेले, मग घसे. पाठोपाठ वास हॉलमध्ये आला आणि दाराखालच्या फटीतून जिन्यात उतरायला लागला. "मला तर काही येत नाही बुवा," हे खोकत म्हणाले. मी खिडक्या लावल्या, फटीत पायपुसणं कोंबलं, धूप पेटवला. सासूबाईंनी उदबत्तीचा अख्खा पुडा लावला आणि टेपवर आरतीची कॅसेट घातली, तीही मोठ्या आवाजात.

"नुसता धूर दिसला तर लोक बंब बोलावतात," त्या म्हणाल्या. "आरती ऐकू आली की हात जोडतात."

विचार बिनतोड होता. शिलेदारांचं रक्त असं ऐन वेळी कामाला येतं. फक्त एक गोष्ट आम्ही विसरलो, की हात जोडून झाले की माणसं प्रसादाला वर येतात.

बेल वाजली. मी भिंगातून पाहिलं. हर्षदभाईंच्या आई, सगळ्या सोसायटीच्या बा, अनवाणी उभ्या होत्या. ह्यांनी तपेल्यावर झाकण टाकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात हात पसरून उभे राहिले. मका जास्त शिजला की मजा जाते म्हणून भाऊजींनी कणसं आधीच बाहेर काढून ताटात ठेवली होती. सासूबाईंनी ते ताट उचललं आणि सरळ देवासमोर ठेवलं. कणसं कसल्या पाण्यातून निघालीत हे देवाला ठाऊक होतं, पण आमच्या कुलदेवीला बोकड चालतो, त्यामुळे तिकडून तक्रार येणार नव्हती. मी दार उघडलं.

"जय श्री कृष्ण," बा म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. माझा थांबला. "केटली सरस सुगंध छे! कयो धूप छे?"

"अमेरिकानो छे, बा," भाऊजी म्हणाले.

बांनी देवाला नमस्कार केला, मका पाहिला आणि लहान मुलासारख्या हसल्या. तपेलं त्यांनीच तर दिलं होतं. "प्रसादमां मकाई! आजे तो नवुं छे." त्यांनी स्वतःच एक कणीस उचललं आणि कपाळाला लावलं.

बांनी जन्मात लसूणसुद्धा तोंडात घातला नव्हता. मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर दोन्ही वेळची मुगाची खिचडी हीच बाई गुडघे धरत जिना चढून आणून द्यायची. सासूबाई डोळ्यांनी मला सांगत होत्या, गप्प राहा. हे छताचा पंखा बघत होते. भाऊजींचा हँडीकॅम चालू होता. उद्या मीटिंग होती. एक कणीस, पाच मिनिटं, आणि घर आमचं. कणीस बांच्या ओठांशी गेलं आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"बा, ए ना खाशो. एमां करचला बाफ्या छे."

करचला म्हणजे खेकडे. चार वर्षांत इतकं शुद्ध गुजराती माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

कॅसेट बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. तिच्यावरच्या टाळ्या-घंटा चालूच राहिल्या. बांनी कणीस हळूच ताटात ठेवलं.

"तपेलामां?"

"हो, बा."

त्यांनी पाणी मागितलं. माझ्याच हातून घेतलं, दारात जाऊन हात धुतले. "सारुं कर्युं, बेटा, कही दीधुं," बरं केलंस सांगितलंस, एवढं म्हणाल्या आणि कठडा धरून खाली गेल्या. मला रडू आलं. मसाल्याने आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

मग आम्ही ते पेपरवर ओतून जेवलो. न जेवून काय करणार? खेकडे गाळ झालेले, कोळंबी रबरासारखी, बटाटे कच्चे आणि सगळ्याची मिळून एकच चव, तिखट. पेपरची शाई बटाट्यांना लागली होती.

"एक कणीस खाल्लं असतं म्हातारीने तर काय आभाळ कोसळलं असतं?" सासूबाई म्हणाल्या.

"तू केलंस ते योग्यच केलंस," हे म्हणाले. मग बराच वेळ एक नांगी फोडत बसले आणि म्हणाले, "पण मीटिंगनंतर सांगितलं असतंस तर जास्त योग्य झालं असतं."

रविवारी संध्याकाळी हर्षदभाई स्वतः वर आले. खेकड्याचं नाव नाही, रागाचा शब्द नाही. "भाभी, तमारा जेवा साचा माणसो आजकाल मळता नथी," म्हणाले. असे सच्चे लोक हल्ली मिळत नाहीत, आणि कमिटीने फ्लॅट दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं ठरवलंय. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या. तपेलं मी घासूनपुसून दाराशी ठेवलं होतं. त्याला वळसा घालून जाताना ते म्हणाले, "ए तमे ज राखो." वडिलांच्या नावावर पाणी सोडताना माणूस क्षणभर तिथेच घोटाळला, हे मी पाहिलं. त्यांचाही मला राग करता आला नाही, ही आणखी एक चीड.

"तिकडे असं केलं तर लोक कोर्टात खेचतात," भाऊजी म्हणाले आणि मंगळवारी तिकडे निघून गेले.

ही गोष्ट ते तिकडे दर पार्टीत सांगतात. लोक हसून हसून लोळतात म्हणे. मध्येच एखादा तपशील आठवेनासा झाला की फोन येतो, "वहिनी, आजींनी हात नक्की कुठे धुतले होते?" मीही भाड्याच्या तिसऱ्या घरातून, तव्यावरची पोळी बाजूला ठेवून, इमानेइतबारे सांगते. परवा जाऊबाईंकडून कळलं, की त्यांनी शेवट जरा बदललाय. त्यांच्या गोष्टीत वहिनी गप्प बसते, आजी कणीस खातात, बोटं चाटतात आणि दुसरं मागतात. खरं सांगते, मी खूप हसले. त्यांची गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा कितीतरी बरी आहे. तिच्यात आम्हाला फ्लॅटही मिळतो.