भिंतमावशीचं सारवण

भिंत दिसली की तिच्यावर तळवा फिरवल्याशिवाय ही बाई पुढे जात नसे. क्योतोतल्या आमच्या खोलीत पहिल्यांदा आली, चपला काढल्या आणि माझ्याआधी भिंतीला भेटली. "ही कोणी लिंपली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "लिंपली नाही, कागद चिकटवलाय. घर विद्यापीठाचं आहे." "मग बाईचा हात कुठे लागला या घराला?" माझा हात लागत होता तो रोजचा कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरायला. माझ्या चार वर्षांच्या लेकीनं त्याच दिवशी तिचं नाव भिंतमावशी ठेवलं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण मावशी म्हटल्यावर मी मनातल्या मनात तिला अगंतुगं करू लागले.

तिचं खरं नाव अयामपोका. उत्तर घानातल्या एका खेड्यातली शिक्षिका, पन्नाशीला टेकलेली, आणि नव्वदच्या दशकात माझ्या नवऱ्याच्याच विद्यापीठात संशोधनाला आलेली. तिच्या गावच्या बायका पीक घरात आलं की मातीच्या घरांना शेणमातीचा हात देतात आणि त्यावर लाल, काळी, पांढरी नक्षी काढतात. पावसात ती धुपते, मग पुन्हा काढायची. आता गावात सिमेंट आलं होतं. नक्षी येणाऱ्या म्हाताऱ्या मोजक्याच उरल्या होत्या आणि लेकीसुना कामासाठी दक्षिणेच्या शहरांकडे निघाल्या होत्या. लांबची माणसं भिंती बघायला आली, गावात राहिली, तर बायकांच्या चुली त्यावर पेटतील आणि लेकी थांबतील, असा तिचा हिशेब होता. "काहीतरी घेऊनच परत येईन," असा शब्द ती सासूला देऊन आली होती, आणि सासू त्या म्हाताऱ्यांची म्होरकी होती.

शेणाचा विषय निघाला तेव्हा आमची खरी गट्टी जमली. माझी आई चातुर्मासात जमीन सारवून रांगोळीनं गोपद्मं काढायची, ती मी तिला तांदळाच्या पिठानं वर्तमानपत्रावर काढून दाखवली. गाईची ती इवली पावलं तिनं लगेच वहीत उतरवून घेतली. "मग ही रोज पुसतेस?" "पुसावीच लागतात. उद्या परत काढायची." ती खूश झाली. म्हणाली, "तुला कळतंय. सेन्सेईंना कळत नाही."

सेन्सेई म्हणजे तिचे मार्गदर्शक. माणूस भला, पण त्यांच्या मनात होतं एक संग्रहालय: चार उत्तम भिंती निवडायच्या, वर छप्पर, पुढे काच. त्याला निधीही मिळण्याजोगा होता. "नाही म्हटलं तर रिकाम्या हातानं जाईन आणि हो म्हटलं तर गावच्या बायका काचेबाहेर उभ्या राहतील," मावशी मला म्हणाली. आठवडाभर ती जेवली नाही धड. मलाच तिची दया आली आणि मी सल्ला दिला, की काच तर काच, हो म्हणून टाक. त्या सल्ल्याची मला अजून लाज वाटते.

मावशीनं ऐकलं नाही. विद्यापीठाच्या वार्षिक उत्सवात एक लाकडी चौकट उभी करून ती लिंपायची, असं तिनं जाहीर केलं. शेण मिळालं शहराबाहेरच्या गोठ्यात, पण आणायचं कसं? सायकलवर नेलं तर सांडेल म्हणून मी लोणच्याच्या बादलीत भरलं, झाकण लावलं आणि वरून एका सुंदर रेशमी रुमालात बांधलं, तिथं भेटवस्तू बांधतात तशी. बस तापली तसा वास सुटला. कोणी चकार शब्द काढला नाही. खिडक्या मात्र एकेक करून उघडल्या. शेजारच्या आजींनी वाकून विचारलं, "भेट कुणासाठी?" मावशी शांतपणे म्हणाली, "सेन्सेईंसाठी." आजींनी सेन्सेईंविषयी मनापासून काळजी व्यक्त केली.

उत्सवात आधी सगळे चार हात लांब उभे राहिले. मावशीनं सेन्सेईंना विचारलं, "तुमचं इसेचं देऊळ किती जुनं?" "तेराशे वर्षांचं." "आणि त्याचं लाकूड?" ते देऊळ दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात, आणि नुकतंच बांधलं होतं. "लाकूड नवं आहे," सेन्सेई हळूच म्हणाले. "मग जुनं काय आहे, सेन्सेई?" त्यांनी कोट काढून माझ्याकडे दिला, बाह्या सारल्या आणि दोन्ही हात बादलीत घातले. मग रांग लागली. संध्याकाळी एक बाई कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी विचारत होती, तुमच्या गावाला यायचं तर कधी यावं?

आराखडा बदलला. संग्रहालय गेलं. त्याऐवजी पाहुण्यांसाठी मातीच्या चार खोल्या, आणि सुगीनंतर येणाऱ्यानं आधी भिंत लिंपायची, मग जेवायचं. निधी थोडा कमी मिळाला, पण मिळाला. निघताना मावशीनं आमच्या कागदी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "हिला आता तुझी सवय झालीय." मी रडले. लेक जपानीत तिला टाटा करत राहिली.

दोन वर्षांनी, आम्ही मायदेशी परतल्यावर, पुण्याच्या पत्त्यावर फोटो आला. भिंतीसमोर मावशीच्या सासूबाई, तीन तरुण मुली, कोपरापर्यंत माखलेले काही पाहुणे. आणि नक्षीच्या तळाशी एका रांगेत माझ्या आईची गोपद्मं. मी तो फोटो चौकटीत बसवला, काच लावून, आणि तसं तिला मोठ्या कौतुकानं कळवलं. उत्तर चार ओळींचं आलं. मुली गावातच राहिल्या आहेत. सासूबाई खोल्यांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरतात. "तुझी पावलं यंदाच्या पावसात धुऊन गेली. काचेतली बघत बसू नकोस, परत काढायला ये."

त्या हिवाळ्यात मी गेले. सासूबाईंनी मला आधी शेणाची बादली दिली.