मयुरीनं बांधलेला सर्व्हर

बीबी गावच्या बाजारात, बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मयुरीचा कॉम्प्युटर क्लास आहे. गावातल्या बायका तिथं मराठी टायपिंग शिकायला येतात.

मागच्या दिवाळीनंतर क्लासमधली जुनी मशीन्स एकेक करून मान टाकायला लागली. नवं, दणकट मशीन एकच होतं, लिनक्सवर चालणारं. मयुरीनं ठरवलं, सगळं काम त्या एकावर होऊ द्यायचं आणि जुन्या मशीन्सनी नुसता त्याचा पडदा, म्हणजे स्क्रीन, दाखवायचा. त्यासाठी रिमोट डेस्कटॉप सर्व्हर लागतो. तयार मिळणारा तिनं टाकून पाहिला, पण ती आवृत्ती जुनी होती. तिसरी बाई जोडली गेली की पहिलीचा पडदा गोठायचा. नव्या आवृत्तीत हा दोष काढला होता, पण ती तयार मिळत नव्हती. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, उतरवून त्यातून चालता सर्व्हर आपल्याच मशीनवर बांधावा लागणार होता.

असलं काम तिनं कधी केलं नव्हतं. रविवारी क्लासला सुट्टी, म्हणून सकाळीच येऊन बसली. दुपारी तिचा नवरा हर्षल डबा घेऊन वर आला.

"काय करून राह्यली?"

"सर्व्हर बांधून राह्यले."

पडद्यावरची थांबलेली ओळ बघून त्यानं विचारलं, "मंग हे अडकलं काऊन?"

"पासवर्ड तपासणारी लायब्ररी, म्हंजे तयार कोड, मशीनमध्ये हाय, पण ते जोडून बांधाले ज्या फायली लागतात, त्या नाहीत."

"म्हणजे इटा आल्या, सिमेंट राह्यलं."

"हाव, तसंच समजा."

तिनं त्या फायली आणल्या, तर मशीननं आणखी काहीतरी मागितलं. ते दिलं, तर तिसरंच. आधी एरर दिसली की ती खिडकी बंद करून टाकायची. आता शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागली. कुठली वस्तू कमी आहे, हे त्यातच लिहिलेलं असायचं. अखेर पडद्यावर ओळी भराभर धावायला लागल्या, आणि नेमकी लाइन गेली. मयुरी कपाळाला हात लावून बसली. लाइन आल्यावर तिनं पुन्हा आज्ञा दिली, तर झालेलं काम पुन्हा न करता मशीननं तिथूनच पुढं सुरू केलं. ते बघून तिला एवढं हसू आलं, की खालच्या दुकानदारानं काय झालं म्हणून विचारलं.

संध्याकाळपर्यंत सर्व्हर बांधून झाला आणि जुनी मशीन्स तिनं त्याला जोडली. सोमवारी बायका आल्या. सगळ्यांचे पडदे उघडले. फक्त अंगणवाडीत काम करणाऱ्या भिमाबाईंचा काळाच राहिला. मयुरी त्यांच्या मशीनपाशी गेली. तिनं तपासलं, चूक कुठंच दिसेना.

"मावशी, आल्यापासून काय काय केलं तुम्ही?"

"काही नाही व. लवकर आली, तं त्या मोठ्या मशीनवर माह्या नावानं बसली होती. मंग तू म्हणली इकडे बसा, तं इकडे आली."

"तिथून बाहेर निघाल्या का?"

"उठून आली ना."

मोठ्या मशीनवर भिमाबाईंचं लॉगिन उघडंच होतं. मयुरीनं ते बंद केलं आणि पुन्हा जोडून दिलं, तर पडदा लख्ख उघडला.

"एका बाईनं दोन पंगतीत बसू नये, हे मशीनले बी समजते," भिमाबाई म्हणाल्या, आणि सगळा क्लास हसला.

पुढच्या महिन्यात मेहकरला क्लास चालवणाऱ्या सुचिताचा फोन आला. तिच्या मशीन्सचंही तेच रडगाणं होतं. मयुरी एसटीनं मेहकरला गेली. लागणारं सामान आता तोंडपाठ होतं, त्यामुळं बांधकाम पहिल्याच झटक्यात पार पडलं. उरलेली दुपार दोघींनी मेहकरच्या बाजारात घालवली, आणि मयुरीनं क्लाससाठी एक नवं घड्याळ घेतलं, लाइन गेली तरी चालणारं.